दिवे लावले की काटे का चढतात? : जुन्या गाड्यांच्या मीटरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी डॅशबोर्डवरच्या मीटरबद्दल आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य सारखं आहे : "मीटर बदलावं लागेल असं सांगितलं." त्यामुळे आधीच सांगतो, जुन्या गाडीत सगळ्यात कमी बिघडणारी वस्तू मीटर असते. दोष बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरीत, टाकीतल्या फ्लोटमध्ये (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) किंवा अर्थिंगमध्ये (करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट) सापडतो. हे तिन्ही मल्टिमीटर आणि पॉलिश पेपर घेऊन घरच्या अंगणात तपासता येतात.

प्रश्न : माझ्याकडे १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ आहे. शेतातल्या शेडमध्ये उभी असते, महिन्यातून एखाद-दोन वेळा निघते. पेट्रोलचा आणि टेम्परेचरचा असे दोन्ही काटे भरवशाचे राहिलेले नाहीत. दिवसा जरा तरी बरं, पण संध्याकाळी हेडलाइट लावली की दोन्ही काटे वर चढतात. टाकीत चार-पाच लिटर असताना पाऊण टाकी दिसते. टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकतो, पण रेडिएटर उकळत नाही. वायरिंगवाले म्हणतात दोन्ही मीटर बाहेरून मागवा. मागवू का?
— एक वाचक, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : मागवू नका. तुमच्या पत्रातच निदान आहे. दोन वेगळी मीटर एकाच वेळी, एकाच दिशेने चुकतात, म्हणजे चूक दोघांच्या सामाईक जागी आहे. अशी जागा या गाडीत एकच : डॅशबोर्डच्या मागे बसवलेली व्होल्टेज स्टॅबिलायझरची लहानशी पत्र्याची डबी.

त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांतली ही मीटरं उष्णतेवर चालतात. आत दोन धातूंची पट्टी आणि तिच्यावर तारेचं वेटोळं असतं. करंट जास्त गेला की पट्टी तापून वाकते आणि काटा सरकतो. म्हणूनच चाबी फिरवल्यावर काटा सावकाश, अर्धा-पाऊण मिनिट घेऊन जागेवर येतो; तो दोष नाही. पण बॅटरी कधी १२ व्होल्ट देते, कधी इंजिन चालू असताना १४. एवढ्या फरकाने काटा हलू नये म्हणून ही डबी मीटरांना सरासरी १० व्होल्ट पुरवते. तिच्यातही तशीच तापणारी पट्टी असते. ती करंट सतत जोडते आणि तोडते, आणि त्या चालू-बंदची सरासरी १० व्होल्ट येते.

आता मुद्द्याची गोष्ट. डबीतल्या वेटोळ्याचं अर्थिंग डबीच्या पत्र्यातून, ज्या स्क्रूने ती बसवली आहे त्या स्क्रूतून होतं. तिथे गंज किंवा रंग आला की वेटोळं पुरेसं तापत नाही, पट्टी करंट तोडायला उशीर करते आणि मीटरांना १० च्या ऐवजी बॅटरीचा जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळतो. दोन्ही काटे वर. हेडलाइट लावल्यावर हे वाढतं, कारण डॅशबोर्डचे दिवे आणि ही डबी एकाच अर्थिंगवर असतात. दिव्यांचा करंट त्या खराब सांध्यातून परत जाताना तिथे व्होल्टेज साचतो, डबीच्या दृष्टीने अर्थच शून्य व्होल्टच्या वर उचलला जातो.

तपासणी अशी करा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावर) आणि लाल पिन स्टॅबिलायझरच्या पत्र्यावर टेकवा. चाबी चालू, हेडलाइट चालू. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. ०.२ च्या वर गेला तर दोष तिथेच आहे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तरी आश्चर्य मानू नका. ही तपासणी दिवे लावूनच करायची. दिवे बंद असताना दिव्यांचा करंट वाहत नाही, आणि खराब सांधासुद्धा चांगला दिसतो.

इलाज स्वस्त आहे. २.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर घ्या, दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवा. एक टोक डबीच्या स्क्रूखाली, दुसरं बॉडीच्या एखाद्या पक्क्या बोल्टखाली. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने उघड्या चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला येणाऱ्या पट्ट्यांची टोकंही त्याच वेळी घासून घ्या. इंजिनची पट्टी खराब असेल तर सेल्फ मारताना करंट भलत्याच वाटा शोधतो. चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागणं ही त्याची खूण.

एवढं करूनही काटे चढेच राहिले तर स्टॅबिलायझर तपासा. त्यावर 'बी' आणि 'आय' अशी टर्मिनल असतात : 'बी'वर बॅटरीकडून हिरवी वायर येते, 'आय'वरून मीटरांकडे जाते. 'आय'वर डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडा ० आणि १२ च्या मध्ये नाचेल. डबी चालू-बंद होते आहे याचाच तो पुरावा आहे, बिघाडाचा नाही. काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर तो वापरा. आकडा एकदाही न हलता १२ वर चिकटला तर आतले पॉइंट चिकटलेत, ० वर राहिला तर तुटलेत. डबीवर 'टॉप' असं कोरलेलं असेल तर ती बाजू वरच हवी. उलटी किंवा आडवी बसवली तर हिशेब चुकतो.

नवी डबी न मिळाल्यास ७८१० नावाचा व्होल्टेज रेग्युलेटर वापरा. नागपूर, अमरावती, अकोला इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो सहज मिळतो आणि चहा-नाश्त्याच्या पैशांत येतो. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला अर्थ, उजवा १० व्होल्ट आउटपुट. इनपुट आणि अर्थच्या मध्ये ०.३३ मायक्रोफॅरॅडचा आणि आउटपुट आणि अर्थच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर झाळा, पाय तोकडे ठेवून. मागची धातूची पट्टी बॉडीला बोल्टने घट्ट बसवा. उष्णता तिथून जाते आणि अर्थिंगही तिथूनच मिळतं. दोन मीटरांचा मिळून भार पाव अँपिअरच्या आसपास असतो, ७८१० एक अँपिअरपर्यंत पेलतो. सेल्फ मारताना काटा क्षणभर खाली येईल, तेवढं चालतं.

मात्र एक गोष्ट आधी बघा : बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलं आहे? त्या काळच्या काही ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, आणि मधल्या मालकांनी कोणती कुठे उलटवली हे गाडीकडे पाहूनच कळतं. पॉझिटिव्ह बॉडीला असेल तर ७८१० चालणार नाही, ७९१० लागतो. त्याचे पाय वेगळे आहेत (डावा अर्थ, मधला इनपुट, उजवा आउटपुट) आणि मागची पट्टी इनपुटला जोडलेली असते. ती बॉडीला थेट लावली तर शॉर्ट होईल. मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि प्लास्टिकचा वॉशर हवाच.

स्टॅबिलायझर ठीक करून झाल्यावर एकच काटा चुकत असेल, तर मग त्याच्या सेन्सरकडे वळा. पेट्रोलच्या टाकीकडून हिरवी-काळी वायर येते, टेम्परेचर सेन्सरकडून हिरवी-निळी. सेन्सरकडची वायर काढा आणि ती एका रेझिस्टरमधून अर्थला जोडा. २२ ओहमला काटा भरलेल्याजवळ, ६८ ओहमला साधारण मध्यावर, २४० ओहमच्या आसपास रिकाम्याजवळ यायला हवा. १ वॉटचे रेझिस्टर पुरतात, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबा. काटा बरोबर आला तर मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष, दोष टाकीत. वायर थेट अर्थला टेकवून 'काटा फुल्ल जातो का' हे बघण्याची पद्धत सगळीकडे चालते, पण या उष्णतेच्या मीटरांवर ती करू नका. जास्त वेळ टेकली तर आतलं वेटोळं जळतं.

दिशा लक्षात ठेवली की बरीच शोधाशोध वाचते. या गाडीत स्टॅबिलायझरचं अर्थिंग गेलं तर काटे वर जातात. टाकीचं अर्थिंग गेलं तर वाटेत रेझिस्टन्स वाढतो आणि पेट्रोलचा काटा खाली येतो.

टाकीचं फ्लोट युनिट उघडायची वेळ आली तर आधी बॅटरीची तार काढा, टाकीतलं पेट्रोल फ्लोटच्या तोंडाच्या खाली उतरवा आणि गोल कडी लाकडी ठोकळ्याने किंवा पितळेच्या छन्नीने ठोकून फिरवा, लोखंडाने नको. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी शेडमध्ये पेट्रोलची वाफ फार लवकर साठते. हे काम सकाळी, उघड्यावर करा. जुनी कॉर्कची रिंग पुन्हा बसवू नका. आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणारी व्हिटॉनची रिंग घाला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ते पाणी फ्लोटच्या बारीक तारेवर गंज चढवतं. युनिट हातात आल्यावर मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडी सावकाश वरून खाली आणा. आकडा सलग बदलला पाहिजे, मध्येच उडी मारली तर तिथे तार झिजली आहे. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो भोक पडलेला आहे.

तुमच्या गाडीचं एक बरं आहे : स्पिटफायर हेराल्डच्या चेसिसवर बेतलेली आहे आणि हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड कंपनीत बनत होती. त्यामुळे बाहेरून काही मागवण्याआधी जुन्या स्टँडर्ड हेराल्डच्या भागांची चौकशी करा.

प्रश्न : पद्मिनी हाये घरी. स्पीडचा काटा लयच थरथरते, तीस दाखवते का पन्नास समजत नाही. चाळीसच्या वर गेलं की डॅशबोर्डातून कर्रकर्र आवाज येते. का करू?
— एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : केबल सुकली आहे किंवा वाकली आहे. या गाडीत स्पीडोमीटरला वीज लागत नाही. गिअरबॉक्सकडून पिळाची तार नळीतून फिरत वर येते आणि मीटरमधला चुंबक फिरवते. तार नळीत अडकत-सुटत फिरली की काटा थरथरतो.

मीटरच्या मागची गोल चकती हाताने सैल करून आतली तार ओढून काढा. जमिनीवर सरळ ठेवून एक टोक बोटांत फिरवा. दुसरं टोक उड्या मारत फिरलं तर तार वाकलेली आहे, बदला. दोन्ही चौकोनी टोकं बघा. कोपरे गोल झाले असतील तर ते मध्येच घसरतात. तार धडकी असेल तर रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन पुसा आणि पातळ ग्रीस लावा, पण फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला. मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवा. तार फिरताना पिळावरून ग्रीस वर चढतं, मीटरच्या आत शिरतं आणि चुंबक व वाटी चिकटवून टाकतं. मग काटा खऱ्या वेगापेक्षा पुढे पळतो आणि दुरुस्ती केबलपेक्षा महागात जाते. इंजिन ऑइल ओतण्याची सवयही याच कारणाने वाईट.

परत बसवताना नळीला एक वीत त्रिज्येपेक्षा तोकडं वळण देऊ नका, आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा. एवढं करून आवाज राहिलाच तर मीटरच्या दांड्याची बुश सुकली आहे. घड्याळाच्या तेलाचा एक थेंब पुरे.

प्रश्न : आमच्या जुन्या जिप्सीचा टेम्परेचर सेन्सर बदलला. तेव्हापासून काटा खालीच राहतो. परवा नागभीडच्या रस्त्यावर गाडी उकळली, तरी काटा 'सी'वरच! मीटर गेलं का?
— एक वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)

उत्तर : आधी गाडी चालवणं थांबवा, खोटा थंड काटा हा खोट्या गरम काट्यापेक्षा कितीतरी धोक्याचा. हेड वाकल्यावर खर्च हजारांत जातो.

दोन शक्यता आहेत आणि दोन्ही एकत्र असू शकतात. पहिली, सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल. एकच वायर असलेल्या सेन्सरचं अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होतं. टेपने ते तोडलं की मीटरला इंजिन थंडच वाटतं. सेन्सर काढा, टेप पूर्ण खरवडा, तांब्याचा नवा वॉशर घाला. गळतीसाठी काही लावायचंच तर शेवटच्या एक-दोन आट्यांना थोडं सीलंट, पुढच्या उघड्या. दुसरी शक्यता, पाणी कमी होतं किंवा सिस्टिममध्ये हवा अडकली होती. सेन्सर पाण्यात बुडालेला नसून वाफेत लटकत असेल तर तो इंजिनची खरी उष्णता सांगू शकत नाही. सेन्सर बदलताना पाणी सांडलं आणि नंतर हवा न काढता कॅप लावली की हेच होतं. इंजिन थंड असताना कॅप काढून भरा, हीटरचा कॉक उघडा, इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत (वरचा पाइप एकदम गरम होतो) बुडबुडे जाऊ द्या, मग पुन्हा भरा. नुसतं पाणी नको; कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. गरम रेडिएटरची कॅप कधीच उघडायची नाही.

सेन्सर तपासायला घरचं पातेलं पुरतं. ओहमवर मल्टिमीटर, एक पिन टर्मिनलला, एक सेन्सरच्या अंगाला, सेन्सरचं टोक पाण्यात, टर्मिनल कोरडं. पाणी तापत जाईल तसा आकडा सलग खाली यायला हवा. आपल्या भागाच्या उंचीवर पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे वरचं टोकही तपासलं जातं. आकडा मध्येच गायब झाला किंवा हललाच नाही तर नवा सेन्सरही सदोष आहे, दुकानात परत द्या.

तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो म्हणून काटा लालकडे जाणं साहजिक, असंही काही जण सांगतील. रेडिएटर स्वच्छ, पंखा आणि कॅप धड असेल तर ते साहजिक नाही. कॅपने धरलेल्या दाबामुळे पाणी १०० अंशांच्या बरंच वर गेल्यावर उकळतं. रबर कडक झालेली कॅप हा दाब सोडून देते आणि गाडी आधीच उकळते. उन्हाळ्याच्या तोंडावर कॅप बदलून टाका.

प्रश्न : पावसाळाभर गाडी उभी होती. आता सगळीच मीटरं मनाला येईल तशी चालतात, कधी इंडिकेटरच्या तालावर हलतात. शेजारीच धानाचं कोठार आहे.
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

उत्तर : इंडिकेटरच्या तालावर काटा हलतो म्हणजे डॅशबोर्डचं अर्थिंग. वरुडच्या वाचकाला सांगितलेली ०.२ व्होल्टची तपासणी करा. फ्यूजच्या पत्र्यांवर हिरवट पूड असेल तर फ्यूज काढून पत्रे पॉलिश पेपरने घासा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. वायर आणि कनेक्टर यांचा एकेक सांधा हलवून बघा, काटा हलला की जागा सापडली.

कोठार शेजारी आहे म्हणजे उंदीर गृहीत धरा. बोनेटखालचा वायरिंगचा जुडगा आणि सीटखालून टाकीकडे जाणारी वायर हाताने चाचपत जा. कुरतडलेली जागा टेप लावून झाकू नका. खराब तुकडा कापा, त्याच जाडीची वायर झाळून जोडा, वर हीट-श्रिंक नळी चढवा. काळी टेप उन्हाळ्यात डिंक सोडते आणि पुढच्या पावसात पाणी आत घेते. पुढच्या वेळी गाडी उभी करताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. उंदराने वायर सोलली तरी आग लागणार नाही.

प्रश्न : जुन्या जीपवर डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. आता ॲमीटरचा काटा टोकाला जाऊन थरथरतो आणि डॅशबोर्ड गरम लागतो.
— एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)

उत्तर : गरम लागतो म्हटल्यावर आजच गाडीची बॅटरी सोडवा. इतर मीटरांतून जेमतेम करंट जातो, पण ॲमीटरमधून चार्जिंगचा जवळजवळ सगळाच करंट जातो. ३० अँपिअरसाठी केलेलं मीटर आणि त्या काळच्या बारीक वायरी मोठ्या अल्टरनेटरचा भार पेलत नाहीत. सैल नट तापतो, इन्सुलेशन वितळतं, आणि त्या वायरीत बहुतेक वेळा फ्यूज नसतो.

ॲमीटर काढा. त्याच्या दोन्ही वायरींची थिंबल एका पितळी बोल्टवर एकत्र आवळून वर पक्कं इन्सुलेशन करा. त्याहून चांगलं म्हणजे अल्टरनेटरपासून थेट बॅटरीपर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी वायर, आणि बॅटरीजवळ अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा किंचित मोठा फ्यूज. रिकाम्या भोकात त्याच मापाचा व्होल्टमीटर बसवा, चाबीनंतरच्या फ्यूजवरून. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर चार्जिंग ठीक, बंद असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीतलं पाणी उडण्याआधी बदला.

प्रश्न : टाकीचं नवं फ्लोट युनिट टाकलं. आता टाकी भरली की काटा रिकामी दाखवतो, आणि रिकामी होत आली की फुल्ल.
— एक वाचक, तिवसा (जि. अमरावती)

उत्तर : युनिट चांगलं आहे, पण दुसऱ्या पद्धतीचं. काही मीटरांना रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्याला ३० च्या आसपास लागतात. व्हीडीओ (VDO) या कंपनीच्या पद्धतीच्या मीटरांना उलट, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. वायर उलटसुलट करून हे सुटत नाही. जुनं युनिट फेकलं नसेल तर दांडी वर-खाली करून त्याचे दोन्ही आकडे मोजा, कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन दुकानात जा. पैसे देण्याआधी तिथेच मल्टिमीटरने नवं युनिट मोजून घ्या. दांडीची लांबीही जुळवा, नाहीतर आकडे बरोबर असूनही फ्लोट टाकीच्या तळाला टेकणार नाही आणि शेवटचे काही लिटर दिसणारच नाहीत.